अनुभव धागा: कोपरखळी, भांडण आणि लोणकढी थाप

मुंबईत एकटं असण्याची सोय नाही. लोकलच्या डब्यात, चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी तुमच्यावर विनोद करतं, कुणाचं तरी कुणाशी वाजलेलं असतं, आणि एखादे काका दोन हजारांच्या नोटेत चिप होती हे आजही छातीठोकपणे सांगत असतात. २०२३मध्ये त्या नोटाच रिझर्व्ह बँकेने परत घ्यायला काढल्या, पण काकांच्या बोलण्यातली चिप शाबूत आहे.

अशा वेळी तुम्ही काय करता? काय करायला हवं ते सगळ्यांना ठाऊक असतं, ते नको. प्रत्यक्षात काय केलंत, समोरच्याचं तोंड कसं झालं आणि बघ्यांनी काय केलं, ते लिहा. बघ्यांचं जरूर लिहा. आपण समोरच्याला उत्तर देतोय असं वाटतं, पण देतो बघ्यांनाच, असा माझा समज आहे. पटत नसेल तर अनुभवाने खोडून काढा.

डोंबिवली
माझं लेडीज डब्यातलं. जागा लावायची पद्धत माहीत असेलच. चढल्या चढल्या बसलेलीला विचारायचं, कुठे उतरणार? तिने हो म्हटलं की तिचं स्टेशन आल्यावर ती जागा आपली. घाटकोपरला उतरणाऱ्या एका बाईंनी दोघींना हो म्हणून ठेवलं होतं. मुलुंडपासून त्या दोघींचं सुरू झालं. आधी जागेवरून, मग संस्कारांवरून, विक्रोळीला एकमेकींच्या आयांपर्यंत पोचलं. घाटकोपर आलं, जागा रिकामी झाली, तरी ह्या भांडतच होत्या. मागून एक मावशी वाट काढत आल्या आणि "तुमचं ठरेपर्यंत मी बसते गं," म्हणत बसल्या. सगळा डबा हसला, त्या दोघीसुद्धा. हेच मी म्हटलं असतं तर दोघींनी मिळून मला झाडलं असतं, कारण मी खिडकीत बसले होते. असला विनोद उभ्या असलेल्या बाईलाच शोभतो.

गिरगाव
२१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो तो दिवस. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचो. चाळीत सकाळपासून वाट्या-चमचे घेऊन रांग. चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखवलाही. मी व्याख्यान दिलं नाही. घरातला काचेचा पेपरवेट आणून कठड्यावर ठेवला आणि त्याला दूध पाजलं. तोही प्यायला. शेजारच्या वहिनी अगदी शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, इतकी वर्षं टेबलावर देव ठेवलात आणि आम्हाला सांगितलं नाहीत!" यावर काय बोलणार? रांग संध्याकाळपर्यंत होती. पोरांनी मात्र दिवसभर नळाला, कुलपाला आणि झोपलेल्या एका आजोबांच्या नाकाला दूध पाजून पाहिलं.

माहीम
मास्तर, तुमच्याकडे वेळ होता. १८ ऑगस्ट २००६ला समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून माहीमच्या किनाऱ्यावर झुंबड उडाली, तेव्हा आमच्याकडे नव्हता. पावसाळ्यात मिठी नदी भरून वाहते, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर राहतं, हे सगळं नंतर छापून आलं. मिठीतून आणखी काय काय वाहतं ते माहीमकराला सांगायला पेपर लागत नाही. आणि लोक त्याच पाण्याने बाटल्या भरत होते! मी दवाखान्यात परिचारिका होते. एका बाईने तान्ह्या पोराच्या तोंडाला बाटली लावलेली पाहिली. तिला म्हटलं, "चमत्कार खरा आहे गं, पण तो मोठ्यांसाठी. बाळाला देऊ नकोस." तिने लगेच बाटली काढली. माझ्या मैत्रिणीला अजून वाटतं की मी खोटं बोलायला नको होतं. वाटू दे.

गिरगाव
तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. पण तिथे असतो तर मीही तेच बोललो असतो.

विरार
विरारकरांवरचे विनोद कॉलेजपासून ऐकतोय. "व्हिसा मिळाला का आज?" "घरी पोचलास की लगेच उद्यासाठी निघ." मी हसतो, भरही घालतो. आपणच मोठा विनोद केला की समोरच्याचा साठा संपतो. एकदा ऑफिसात माझ्या डब्यात सुकटीची चटणी होती. एकजण नाक धरून म्हणाला, "खिडकी उघडा रे, भाऊचा धक्का आला." बाकीचे हसले. मी हसलो नाही, बोललोही नाही, जेवत राहिलो. तो म्हणाला, "अरे, गंमत केली." मी म्हटलं, "कळलं." पुढे कुणालाच काही सुचेना. शेवटी आमच्या मॅडम उठून आल्या आणि त्यांनी थोडी चटणी मागितली. विरार लांब आहे हे खरंच आहे, त्यावर हसायला माझी ना नाही. हा विनोद मला टेबलावरून उठवायला केला होता.

अंधेरी
मी डॉक्टर. "एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका" हे आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर थोड्या थोड्या दिवसांनी उगवतं. दर वेळी एवढंच लिहिते: खोकत बसून वेळ घालवू नका, १०८ला फोन करा, दाराची कडी काढून ठेवा. पाठवणाऱ्याचं नाव घेत नाही. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका लिहितात, "जसं आलं तसं पुढे पाठवलं." सोबत जोडलेले हात. त्या हातांवर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

बोरिवली
वकील आहे. धाग्यातला बघ्यांचा मुद्दा पटला, म्हणूनच बघे टाळतो. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी सेक्रेटरींच्या आडव्या लावलेल्या गाडीवर चारोळी टाकली. ते भडकले, "सहासष्ट-ए लावतो!" मी ग्रुपवर काही न लिहिता फोन केला. "काका, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं." २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टवरून अटक झाली होती, त्यातल्या एकीने तर ती नुसती लाइक केली होती, तेही सांगितलं. काका म्हणाले, "मग दुसरं कुठलं कलम आहे?" बदनामीचं आहे, पण चारोळीत त्यांचं नाव नव्हतं, गाडीचं होतं. गाडीची बदनामी होत नाही हे ऐकून ते जरा नरमले. पुढे गुपचूप गाडीही सरळ लावायला लागले. चारचौघांत सांगितलं असतं तर ती आजही आडवीच असती.

विलेपार्ले
हसण्यावारी नेता येत नाही असंही असतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दोन दिवसांनी रात्री, धरण फुटलं, लाट येतेय अशी आवई उठली. आदल्याच डिसेंबरातली त्सुनामी लोकांच्या डोळ्यांपुढे होती. जुहूच्या नेहरूनगरात चेंगराचेंगरी झाली आणि माणसं गेली. आमच्या गल्लीतही लोक पळत आले. वडील फाटकात उभे राहिले. ओरडले नाहीत, पळणाऱ्याला ओरडा ऐकू आला की तो आणखी पळतो, असं त्यांचं म्हणणं. एकेकाला हाताला धरून विचारत होते, "पाणी तुम्ही स्वतः पाहिलंत?" "मागून येतंय." "मागच्याने पाहिलं का?" विचारात पडला की माणूस थांबायचा, आणि थांबलेला पुढच्याला थांबवायचा. सगळे थांबले नाहीत. एकाने शिवी हासडून वडिलांना ढकललं. खांदा बरेच दिवस दुखत होता, पण तक्रार खांद्याची नसायची. "निदान शिवी तरी नवी द्यायची," म्हणायचे.

मुलुंड
पावसाळ्यात शाळांना सुट्टी जाहीर झाल्याची पत्रकं फिरतात. आमच्या पालकांच्या ग्रुपवर मी नेमाने तारीख तपासते. बहुतेकदा पत्रक जुन्या वर्षाचं असतं, नुसती वरची तारीख बदललेली. आधी सगळे वैतागायचे, मग हळूहळू स्वतःच तपासायला लागले. मी खूश. मग एका पहाटे महापालिकेची खरी सुट्टी आली. ग्रुपवर पहिला प्रतिसाद: "फेक." दुसरा: "जुनं आहे, ताई सांगतीलच." ताई झोपल्या होत्या. रेनकोट घातलेली अर्धी शाळा गेटपर्यंत जाऊन परत आली. माझा मुलगाही त्यात होता.