कॉट्सवोल्ड्समधलं जुनं दगडी शेतघर: भिंतीतली ओल कशी काढायची?

प्रश्न
इंग्लंडात कॉट्सवोल्ड्समधलं १७व्या शतकातलं शेतघर आहे, ग्रेड २ यादीतलं (म्हणजे कायद्याने जपलेल्या वारसा इमारतींच्या यादीतलं). भिंती चुनखडीच्या, ६० सेंमी जाड. बाहेरून दर्जा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरल्यात. आत गुडघ्याच्या उंचीपर्यंत लोणा लागलाय, पोपडे सुटतायत. भिंतीला भोकं पाडून रसायनाचं इंजेक्शन द्या, असा सल्ला मिळालाय. द्यावं का?

उत्तर १
अजिबात नको. ही भिंत एकसंध नसते. बाहेर एक थर, आत एक थर, मधे कपच्या आणि माती-चुन्याचा भराव. दोन्ही थर धरून ठेवायला अधूनमधून आरपार दगड. अशा भरावात रसायन वाटेल तिकडे पळतं, ओल अडवणारा सलग पट्टा होतच नाही.
खरं दुखणं सिमेंट. आत शिरलेलं पाणी पूर्वी चुन्याच्या दर्जेतून उडून जायचं. ती वाट बुजली की ते मऊ दगडातून बाहेर पडतं, हिवाळ्यात तिथेच गोठतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. जवळून पाहा: सिमेंटची रेघ पुढे आलेली आणि दगड मागे झिजलेला दिसेल.

उत्तर २
सिमेंटला हात लावण्याआधी बाहेरची माती बघा. ती आतल्या फरशीपेक्षा १५-२० सेंमी खाली हवी. भर चढली असेल तर उकरा. अर्धी ओल इथेच जाते.
सिमेंट छिन्नी-हातोड्याने काढा. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. खोली दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी. दगड फुटत असेल तर तेवढं सिमेंट राहू द्या. भिंत भिजवा, मग एनएचएल २ (पाण्यातही घट्ट होणारा नैसर्गिक चुना) १ भाग आणि खरखरीत वाळू २.५ ते ३ भाग असा माल दर्जांत भरा. बोटाचा ठसा उमटेनासा झाला की ताठ ब्रशने ठोका, ओलं गोणपाट टांगा. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम नकोच.

प्रश्नकर्ता
आतला जिप्समचा गिलावा?

उत्तर २
काढा, चुन्याचा करा.

उत्तर ३
छप्पर विसरू नका. तिथल्या दगडी पाट्या वळचणीला मोठ्या, आढ्याकडे लहान होत जातात आणि ओकच्या खुंट्यांवर लटकतात. खुंटी कुजली की पाटी घसरते, पाणी भिंतीच्या माथ्यातून भरावात उतरतं आणि दिसतं भलतीकडेच. दगड पाणी शोषतो, म्हणून पाखं ५० अंशांच्या आसपास उभं असतं.
आणि काम सुरू करण्याआधी स्थानिक कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला लेखी विचारा. १९९० च्या कायद्याने यादीतल्या घराचं रूप विनापरवाना बदलणं फौजदारी गुन्हा आहे.