पियानो शिकणाऱ्या मुलांना आधी काय द्यावं: छोटे पीस की ओळखीची गाणी?

घोडबंदरची_आई (ठाणे)

लेक नऊ वर्षांची. क्लासला दीड वर्ष झालं, त्यातले अकरा महिने परीक्षेच्या त्याच तीन पीसमध्ये (वाजवायच्या रचनांमध्ये) गेले. मार्क चांगले पडले, पण निकालानंतर पंधरा दिवस तिने कीबोर्डवरचं कव्हर काढलं नाही. मग मी स्वतः तिच्यासाठी अर्ध्या-एका पानाचे पीस शोधायला लागले आणि ती पुन्हा वाजवायला बसली.

म्हणून ठामपणे मांडते. पहिली दोन वर्षं मुलांना छोटे पण पूर्ण पीस द्यावेत, आठ-पंधरा दिवसांत हातात बसतील असे. मोठ्या रचनेचा कापलेला तुकडा नको. बीथोव्हनच्या 'फ्युर एलीझ'ची सुरुवात बऱ्याच मुलांना येते, मधले अवघड भाग आले की हात थांबतो. शेवटपर्यंत पोचण्याचं सुख त्यांना मिळतच नाही.

आणि छोटं म्हणजे हलकं नव्हे. जर्मन संगीतकार शुमानने १८४८ मध्ये थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी काही पीस लिहिले, त्यातून ४३ पीसचा संच झाला. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीने १८७८ मध्ये २४ पीसचा संच भाच्याला अर्पण केला. त्यात बाहुली आजारी पडते, तिला पुरतात, पुढे नवी बाहुली येते. 'आजारी बाहुली' वाजवताना लेकीने आपणहून हात हलका केला. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात थांबून ऐकत राहिले.

नौपाड्याचा_पेटीवाला

ताई, लेकीला गोडी लागली याचा आनंद आहे, पण तुमचं म्हणणं पटत नाही. आमच्याकडे गणपतीत नातू आरतीची चाल वाजवतो, सगळं घर त्याच्याबरोबर गातं. त्या दहा मिनिटांवर तो पुढे कित्येक महिने उत्साहाने बसतो. शुमान कितीही थोर असला तरी आजीला त्यात आपलं काही सापडत नाही, आणि मुलाला ते कळतं.

दुसरं, चाल ओळखीची असली की चुकलेला सूर मुलाच्या स्वतःच्या कानाला टोचतो. अनोळखी पीसमध्ये सर सांगेपर्यंत पत्ता लागत नाही. मी चाळीस वर्षं पेटी वाजवतो, सगळं कानाने उचललेलं. कान आधी, कागद मागाहून.

कोपरखैरणेकर

काकांना माझं मत. माझी मुलगी गाण्याची चाल वाजवता येते म्हणूनच क्लासला टिकली.

वाशीची_शिकवणी

काका, पेटीवर तुमचा डावा हात भात्यावर असतो. पियानोवर त्याला सूर वाजवायचे असतात, आणि सगळं तिथेच अडतं.

मी घरीच शिकवते, त्यामुळे हे रोज बघते. ओळखीचं गाणं बसवताना उजवा हात चाल वाजवतो, डावा कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, धरून बसतो. कीबोर्डवर ऑटो अकंपनीमेंट (आपोआप वाजणारी साथ) लावलं तर उरलेलं कामही यंत्रच करतं. दोन-तीन वर्षं गाणी वाजवून मुलं माझ्याकडे येतात तेव्हा उजवा हात धावत असतो आणि डावा पहिल्या दिवशी होता तिथेच असतो. मग मागे जाऊन शिकायची त्यांना लाज वाटते. ते बघून मला फार वाईट वाटतं, कारण त्यात त्यांची काहीच चूक नसते.

शुमानच्या त्याच संचातला दहावा पीस घ्या, 'आनंदी शेतकरी'. चाल डाव्या हाताला दिली आहे. आठव्या, 'रानटी घोडेस्वार'मध्ये ती आधी उजव्याला, मग डाव्याला. बाखच्या घरातल्या १७२५ च्या वहीतला जी मेजरमधला मिन्युएट (जुन्या नाचाच्या चालीचा छोटा पीस) सगळे शिकवतात. तो बाखचा म्हणून प्रसिद्ध झाला, पण रचना पेट्झोल्ड या दुसऱ्या संगीतकाराची आहे. बत्तीसच बार (तालाचे छोटे भाग), आणि डावा हात त्यात साथीदार नसून दुसरा गायक आहे. हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या 'मिक्रोकॉसमॉस' या संचामध्ये १५३ पीस आहेत. पहिल्या काही पीसमध्ये दोन्ही हात एकच चाल वाजवतात, पाच बोटं जागची हलत नाहीत. डावा हात असा लहानपणीच तयार होतो.

ऐरोलीचा_बाबा

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. अकरा महिन्यांत तीनच पीस हा शिकवण्याचा दोष, परीक्षेचा नाही. दर आठवड्याला नवा पीस दिला तर सगळेच अर्धे कच्चे राहतात. माझा मुलगा एका पीसवर चार महिने होता. तिसऱ्या महिन्यापर्यंत नुसते सूर बरोबर येत होते. चौथ्या महिन्यात कुठे हलकं, कुठे जोरात, हे त्याच्या बोटांत उतरलं. घाई केली असती तर ते कधी आलंच नसतं.

(आणि कीबोर्ड घेताना टच रिस्पॉन्स आहे ना, ते बघा. नसेल तर हळू दाबा की जोरात, आवाज एकच. मग हे सगळं बोलणं फुकट.)

घोडबंदरची_आई (ठाणे)

पीस पक्का व्हायलाच हवा, हे मान्य. पण सोळा बार पक्के करायला मुलाचा जीव दमत नाही. चार पानं पक्की करता करता तुमचा मुलगा टिकला, माझी टिकली नसती. कच्चं सोडून पुढे जा असं मी म्हणत नाही, मुक्काम जवळ ठेवा एवढंच म्हणते.

नौपाड्याचा_पेटीवाला

भात्याचा मुद्दा मानला, बाई. पण मग आपल्या सुरांतले छोटे पीस का नकोत? काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरा, फक्त काळ्या पट्ट्या वाजवा, भूप राग मिळतो. त्याच पट्ट्या, सा काळी एकला, की दुर्गा. काळी पाचला सा, की मालकंस. डाव्या हाताला सा-प द्या. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पियानोवर येणार नाही, पण आठ वर्षांच्या मुलाला ती पेटीवरही देत नाही मी.

वाशीची_शिकवणी

काका, बार्टोकने १९०८-०९ मध्ये हेच केलं. हंगेरियन आणि स्लोवाक लोकगीतं घेऊन मुलांसाठी पीस लिहिले, आणि लहान पंजाला खालच्या 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत ताण पडणार नाही हेही सांभाळलं. आपल्याकडे ओव्या आहेत, भोंडल्याची गाणी आहेत. फक्त डाव्या हाताला सा-प धरून बसवू नका, तोही पुन्हा कॉर्डच झाला. दुसऱ्या ओळीत चाल त्याच्याकडे द्या.

घोडबंदरची_आई (ठाणे)

आत्ता जेवणं झाल्यावर दुर्गा करून बघितला. आधी डाव्या हाताला काळी एक आणि काळी चार, मग चाल डाव्याकडे. चार ओळी झाल्या. लेक म्हणतेय, "लिहून ठेव, उद्या विसरेन."

नौपाड्याचा_पेटीवाला

लिहा. पण आधी तिच्याकडून गाऊन घ्या.