मदत हवी आहे: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सेकंड पीयूसीचं बायोलॉजी. उत्तर येतं, तरी गुण जातात

खानापूर_पीसीएमबी
नमस्कार. सेकंड पीयूसी म्हणजे कर्नाटकातली बारावी, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी), तालुका खानापूर. दहावीपर्यंत सगळं मराठीतून, पीयूसीला इंग्रजी. लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३० गुणांचं. एका गुणाचे प्रश्न बरे जातात. तीन आणि पाच गुणांच्या उत्तरांत मात्र निम्मेच गुण मिळतात.

नमुना देतो. पाच गुणांचा प्रश्न होता, एम्ब्रियो सॅक (भ्रूणकोष) कशी तयार होते ते आकृतीसह लिहा. उत्तर असं लिहिलं होतं: "मेगास्पोर विभागतो, त्याच्या आठ पेशी होतात, त्यातली एक एग असते, नंतर फर्टिलायझेशन होतं." आकृतीही काढली होती. पाचपैकी दोन मिळाले.

विचारायचं ते एवढं:
१. यात नक्की काय चुकलं?
२. तेराही धडे सारखेच करायचे का?
३. कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर मायटोसिसच्या (साध्या पेशीविभाजनाच्या) अवस्था दिसत नाहीत, नुसता लाल चिखल दिसतो. का?

पराग_कण
पहिल्या प्रश्नाचं सांगते. तुझ्या उत्तरात एक चूक आहे आणि चार गोष्टी राहिल्यात. चूक म्हणजे "आठ पेशी". केंद्रकं आठ असतात, पेशी सातच. पेपर तपासणारा नेमका तिथेच थांबतो.

क्रम असा लाव. बीजांडात, म्हणजे ओव्ह्यूलमध्ये, मेगास्पोर मदर सेल असते. तिचं मायोसिस, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन, होऊन चार मेगास्पोर होतात. बहुतेक सपुष्प वनस्पतींत त्यातले तीन नष्ट होतात आणि एकच कार्यक्षम राहतो. त्या एकापासून पुढचं सगळं होतं, म्हणून याला मोनोस्पोरिक म्हणतात. हा एक गुण. त्या मेगास्पोरच्या केंद्रकाचं मायटोसिस लागोपाठ तीन वेळा होतं: २, ४, ८. या वेळी मध्ये पेशीभित्ती तयार होत नाहीत, आणि "फ्री न्यूक्लियर" हे शब्द इथे आलेच पाहिजेत. हा दुसरा. आठ केंद्रकं झाल्यावरच भित्ती येतात, त्याही सहा केंद्रकांभोवती. तीन मायक्रोपाइलच्या (बीजांडाच्या छिद्राच्या) टोकाला: एक एग आणि दोन सिनर्जिड, मिळून एग अ‍ॅपरेटस. तीन चॅलाझाच्या (त्याच्या विरुद्ध) टोकाला: अँटिपोडल. उरलेली दोन पोलर न्यूक्लिय मधल्या मोठ्या सेंट्रल सेलमध्ये. म्हणून सात पेशी, आठ केंद्रकं. शेवटचा गुण आकृतीचा.

आता आकृती. पेन्सिलीने काढ, नावं एकाच बाजूला, रेघा एकमेकींना छेदू देऊ नकोस. सिनर्जिडच्या टोकाला फिलिफॉर्म अ‍ॅपरेटसच्या बारीक रेघा दाखव, कारण परागनलिकेला आत वाट दाखवणारा भाग तोच. मायक्रोपाइल आणि चॅलाझा ही दोन टोकं लिहिली नाहीत तर एग आणि अँटिपोडल कुठल्या बाजूला आहेत हे कळत नाही, मग बरोबर आकृतीचेही गुण कापले जातात.

खरी अडचण मात्र शब्दांची आहे. विषय तुला मराठीतून समजलाय ही मोठी जमेची बाजू आहे, ती सोडू नकोस. वहीचं पान मधोमध रेघ मारून विभाग. डावीकडे मराठीतून घडामोड, उजवीकडे फक्त इंग्रजी नावं, स्पेलिंगसकट. बीजांड म्हणजे ओव्ह्यूल, अंडपेशी म्हणजे एग, भ्रूणपोष म्हणजे एंडोस्पर्म, कुक्षी म्हणजे स्टिग्मा. उत्तर लिहिताना वाक्य साधं, तोडकं असलं तरी चालतं. संज्ञा मात्र नेमकी हवी.

जोड्या वेगळ्या पाठ कर, कारण घाईत त्यांचीच अदलाबदल होते. मायटोसिस आणि मायोसिस. ओव्हम आणि ओव्ह्यूल. गीटोनोगॅमी आणि झेनोगॅमी: पहिलीत परागकण त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलावर जातो, दुसरीत दुसऱ्या झाडाच्या फुलावर. ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशन: मराठीत प्रतिलेखन आणि भाषांतरण. मराठी शब्द आठवला की अर्थ आपोआप आठवतो, आधी नक्कल उतरवली जाते, मग भाषा बदलते. न्यूक्लिओटाइडची भाषा अमिनो आम्लांच्या भाषेत.

खानापूर_पीसीएमबी
धन्यवाद मॅडम. एंडोस्पर्मच्या गणितातही गडबड होते. मक्याच्या मायोसाइटमध्ये (मायोसिस होणाऱ्या पेशीत) २० गुणसूत्रं असतील तर एंडोस्पर्ममध्ये किती?

पराग_कण
३०. नर युग्मकात १०, पोलर न्यूक्लिय दोन म्हणून १० आणि १०. तिन्ही एकत्र येतात ते ट्रिपल फ्यूजन. अँटिपोडल, सिनर्जिड आणि एग यांच्यात प्रत्येकी १०, झायगोटमध्ये २०. प्रश्न उलटाही येतो, एंडोस्पर्मवरून पान विचारतात. तेव्हा आधी तिनाने भाग, मग दोनाने गुण.

निपाणी_काठ
मॉलिक्युलर बेसिस ऑफ इनहेरिटन्स या धड्याबद्दल लिहितो. पाठ करणाऱ्याला तो अवघड जातो, आकडे मांडून बघणाऱ्याला सोपा.

डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोडिंग स्ट्रँड दिलेला असतो आणि एमआरएनए विचारतात. बरीच मुलं पूरक क्रम लिहायला लागतात, ही चूक दर वर्षी दिसते. कोडिंग स्ट्रँडचा आणि एमआरएनएचा क्रम एकच असतो, फक्त टीच्या जागी यू. कोडिंग ५′ एटीजीसीएटी ३′ असेल तर एमआरएनए ५′ एयूजीसीएयू ३′. पूरक क्रम लिहायचा तो टेम्प्लेट, म्हणजे समोरचा दुसरा धागा, दिला असेल तेव्हाच. म्हणून प्रश्नातल्या त्या एका शब्दाखाली आधी पेन्सिलीने रेघ ओढ.

डीएनएची नक्कल कशी होते यावरचा मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग. ई. कोलाय २० मिनिटांत विभागतो. जड नायट्रोजनमधून साध्या नायट्रोजनमध्ये आणल्यावर २० मिनिटांनी सगळा डीएनए हायब्रिड, म्हणजे एक धागा जड, एक हलका. ४० मिनिटांनी निम्मा हायब्रिड, निम्मा हलका. ८० मिनिटांनी? जड धागे दोनच आहेत, ते कुठे जात नाहीत. रेणू झाले १६, त्यातले दोन हायब्रिड. म्हणजे १२.५ टक्के हायब्रिड, ८७.५ टक्के हलका. "जड धागे दोनच" हे धरून बसलास की कितीही मिनिटं विचारू देत.

शारगॅफचा नियम: अ‍ॅडेनिन ३० टक्के असेल तर थायमिन ३०, उरलेल्या ४० चे ग्वानिन आणि सायटोसिन २०-२०. डीएनएची लांबी: ६.६ × १०⁹ बेस पेअर, प्रत्येकीत ०.३४ × १०⁻⁹ मीटर अंतर, गुणाकार सुमारे २.२ मीटर. एकक लिहिलं नाहीस तर अर्धा गुण हातचा जाईल.

लॅक ऑपेरॉनमध्ये (जिवाणूतल्या लॅक्टोज वापरणाऱ्या जनुकांच्या गटात) आय जनुकाचा आय इंड्यूसरचा नाही, इनहिबिटरचा. ते रिप्रेसर, म्हणजे ही जनुकं बंद ठेवणारं प्रथिन, बनवतं. झेड बीटा-गॅलॅक्टोसायडेज, वाय परमिएज, ए ट्रान्सअ‍ॅसिटिलेज. लॅक्टोज इंड्यूसर, म्हणजे ती सुरू करणारा.

आणि आमच्या भागातल्या पोरांनी आरएनए इंटरफिअरन्सचा प्रश्न तर कधीच सोडू नये. पुस्तकातलं उदाहरण तंबाखूचंच आहे. मेलॉयडोगायने इनकॉग्निटा हा सूत्रकृमी तंबाखूच्या मुळांत शिरतो. त्याच्याच जनुकाचा तुकडा अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या वेक्टरमधून झाडात घालतात. झाडात सेन्स आणि अँटिसेन्स असे दोन्ही आरएनए तयार होतात, ते एकमेकांना चिकटून डबल स्ट्रँडेड आरएनए होतो आणि कृमीचा तो एमआरएनए निकामी होतो. म्हणून कृमी जगत नाही. निपाणीच्या शिवारात उपटलेल्या रोपाच्या मुळावर गाठी पाहिल्या असतील तर हा रूट-नॉट निमॅटोड काय करतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

खानापूर_पीसीएमबी
दादा, पीबीआर३२२ या प्लाझ्मिडचं (जनुक वाहून नेणारा गोल डीएनए) टेट्रासायक्लिन की अ‍ॅम्पिसिलिन, ते दर वेळी उलटं होतं. बॅम एच वन साइटवर (त्या नावाचं एन्झाइम कापतं ती जागा) जनुक घातलं तर जिवाणू टेट्रासायक्लिनवर वाढतात असं लिहिलं होतं.

निपाणी_काठ
उलटं. बॅम एच वनची साइट टेट्रासायक्लिनच्या प्रतिकार जनुकातच आहे. तिथे परकं जनुक खुपसलं की ते जनुक तुटतं, प्रतिकार जातो. मग चाळणी अशी: आधी सगळे जिवाणू अ‍ॅम्पिसिलिनच्या माध्यमावर. ज्यांच्यात प्लाझ्मिड गेलाच नाही ते इथेच मरतात. वाचलेले टेट्रासायक्लिनवर उतरव. इथेही जे वाढतात त्यांच्यात प्लाझ्मिड आहे, पण परकं जनुक नाही. जे इथे मरतात तेच हवे असलेले रीकॉम्बिनंट. ते पहिल्या प्लेटवरून उचलायचे, म्हणून तर दोन प्लेट. बीटा-गॅलॅक्टोसायडेजच्या पद्धतीतही तेच तर्कशास्त्र: जनुक तुटलं की रंग नाही, म्हणून निळी वसाहत नको, बिनरंगी हवी.

सूक्ष्मदर्शी
कांद्याचं मी सांगते. "लाल चिखल" म्हणतोस त्याची कारणं तीनच असतात.

पहिलं, मूळच चुकीचं. कांद्याची सुकलेली जुनी मुळं ब्लेडने खरवडून काढ. बाटलीच्या तोंडावर कांदा असा ठेव की फक्त बुडखा पाण्याला टेकेल. कांदा बुडाला तर कुजतो. पाणी रोज बदल. तीन ते सहा दिवसांत नवी पांढरी मुळं येतात. ती सकाळी ८ ते १० च्या दरम्यान काप, दोन-तीन सेंटिमीटर, आणि लगेच फिक्सेटिव्हमध्ये (पेशी आहेत तशाच थांबवणाऱ्या द्रावणात) टाक: एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल, तीन भाग अल्कोहोल, त्याच दिवशी बनवलेलं. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलव. दुपारी कापलेल्या मुळांत विभागणाऱ्या पेशी कमी सापडतात, मग मुलं सूक्ष्मदर्शीला दोष देतात.

दुसरं, टोक हरवणं. स्लाइडवर मूळ ठेवलं की एक टोक कापलेलं, सरळ असतं. दुसरं निमुळतं, किंचित पिवळसर, अपारदर्शक. विभाजन या दुसऱ्या टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरांतच चालतं. एक थेंब एन बाय टेन हायड्रोक्लोरिक आम्ल, वर दोन-तीन थेंब अ‍ॅसिटोकार्मिन, आणि पाच ते दहा मिनिटं स्पिरिट दिव्यावर नुसती ऊब. स्लाइड हाताच्या पाठीला लावून बघ. सोसवेल इतकीच गरम हवी. उकळी आली की रंगाचे खडे होतात. तो तुझा चिखल. रंग सुकायला लागला तर थेंब वाढव. मग जास्तीचा रंग टिपकागदाने टिप, गडद रंगलेलं टोक कापून ठेव आणि बाकीचं मूळ फेकून दे. ते फेकायला मुलांचा जीव होत नाही, आणि सगळं मूळ एकत्र दाबलं की जाड थर होतो.

तिसरं, दाबणं. एक थेंब पाणी, कव्हर स्लिप तिरकी टेकवून हळू सोड म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. वर टिपकागद. पेन्सिलीच्या रबराच्या बाजूने हलकेच टक्-टक् कर, मग अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात.

आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली चौकोनी, दाट पेशींचा भाग शोध. लांबट पेशी दिसल्या तर तू टोकापासून वर सरकलायस. चौकोनी पेशींतही बहुतेक इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात, असतात, त्यामुळे पहिल्या नजरेत अ‍ॅनाफेज दिसला नाही म्हणून स्लाइड फेकू नकोस, सरकवत राहा. ओळखताना मेटाफेजसाठी "गुणसूत्रं मध्यरेषेवर", अ‍ॅनाफेजसाठी "क्रोमॅटिड विरुद्ध ध्रुवांकडे" असं कारण लिही. नुसतं नाव लिहून पूर्ण गुण मिळत नाहीत.

पराग_कण
दुसरा प्रश्न राहिला. तेराही धडे वाचायचे, पण वेळ सारखा द्यायचा नाही. मंडळाच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका असतात, त्या घेऊन प्रत्येक प्रश्नापुढे धड्याचं नाव लिहून काढ. एका संध्याकाळचं काम आहे. वजन कुठे पडतं ते आपोआप दिसेल. वनस्पती व मानवी प्रजनन, आनुवंशिकतेचे दोन धडे आणि बायोटेक्नॉलॉजीचे दोन, हे सोडून पेपर निघत नाही. रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ आणि मायक्रोब्स छोटे आहेत, प्रवासात वाचून होतात.

कर्नाटकच्या सीईटीला बायोलॉजीचे ६० प्रश्न, ८० मिनिटं, चुकीला दंड नाही. नीटला बायोलॉजीचे ९०, बरोबरला चार, चुकीला एक वजा. दोन्हींत फर्स्ट पीयूसीही येतं, तेव्हा ती पुस्तकं विकू नकोस.

पर्यावरणाचे धडे शेवटी ढकलतात सगळे, तू तरी ढकलू नकोस. उदाहरणं तुझ्या तालुक्यातच आहेत. इन सिटू, म्हणजे मूळ अधिवासातच, संवर्धन विचारलं तर भीमगड अभयारण्य लिही. तिथल्या बारापेडे गुहांतलं राऊटनचं वटवाघूळ फार थोड्या ठिकाणी सापडतं. सेक्रेड ग्रोव्ह म्हणजे देवराई, पुस्तकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा उल्लेख आहेच. हॉटस्पॉट म्हणजे उष्ण जागा नव्हे. तिथे प्रजाती भरपूर असतात, त्यात प्रदेशनिष्ठ म्हणजे एंडेमिक बऱ्याच, आणि अधिवास धोक्यात असतो. हे तिन्ही मुद्दे आले पाहिजेत.

खानापूर_पीसीएमबी
सगळ्यांचे आभार. पहिलं उत्तर परत लिहिलंय, तपासाल का? "चारपैकी एक मेगास्पोर कार्यक्षम. त्याच्या केंद्रकाची तीन फ्री न्यूक्लियर मायटोसिस, आठ केंद्रकं. सहांभोवती भित्ती. मायक्रोपाइलकडे एग आणि दोन सिनर्जिड, चॅलाझाकडे तीन अँटिपोडल, मध्ये दोन पोलर सेल. सात पेशी, आठ केंद्रकं."

पराग_कण
"पोलर सेल" खोड, "सेंट्रल सेलमध्ये दोन पोलर न्यूक्लिय" लिही. तू लिहिल्याप्रमाणे मोजलं तर पेशी आठ होतात. बाकी सगळं बरोबर. आता पुस्तक मिटून आकृती काढ आणि फोटो इथे टाक.