काटछेद, आडवा छेद की नुसताच छेद?

प्रश्न : वृत्तचिती (दंडगोल) प्रतलाने, म्हणजे सपाट पातळीने, तिरकी कापली तर मिळणाऱ्या आकृतीला मराठीत काय म्हणायचं? मी 'आडवा छेद' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी त्याचं 'काटछेद' केलं. कापलंय तिरकं, मग हे दोन्ही कसं चालेल?

— नाहीच चालत. 'तिरका छेद' म्हणा, किंवा नुसतं 'छेद'. आडवा-उभा ही जोडी वनस्पतिशास्त्रात शोभते, कारण खोडाला लांबी असते. वृत्तचितीलाही अक्ष आहे : त्याच्याशी काटकोनात कापलं की वर्तुळ, समांतर कापलं की आयत, आणि दोन्ही तळांना न लागता तिरकं कापलं की लंबवर्तुळ. पण घनाला आडवं काय नि उभं काय?

— घनाचं बरं काढलंत! 10 सेंमी कडेचा घन घ्या. पृष्ठाला समांतर छेद 100 चौसेंमीचा चौरस. आतल्या कर्णाला त्याच्या मध्यावर लंब असलेलं प्रतल सहा कडांच्या मध्यबिंदूंतून जातं आणि चक्क सुसम षटकोन मिळतो, सुमारे 130 चौसेंमीचा. सप्तकोन मात्र कितीही फिरवून कापा, मिळायचा नाही. पृष्ठं सहाच, आणि एक पृष्ठ छेदाला फार तर एकच बाजू देतं.

— 'काटछेद' अगदीच मोडीत काढू नका हो. तारेच्या विद्युत रोधाच्या सूत्रात काटछेदाचंच क्षेत्रफळ लागतं, म्हणजे लांबीशी काटकोनात घेतलेलं. प्रतल अक्षाशी 30 अंशांचा कोन करत असेल तर छेदाचं क्षेत्रफळ थेट दुप्पट भरतं. तिथे नुसतं 'छेद' लिहिलं तर उत्तर चुकेल.

— हेच म्हणजे काटछेद हा छेदाचा एक प्रकार. पटलं.

— जाता जाता, 'शंकूछेद' जपून वापरा. दहावीच्या भूमितीत तो शब्द शंकूचं टोक कापल्यावर खाली उरणाऱ्या बादलीसारख्या घनाकृतीसाठी आहे. कापलेल्या जागी दिसणाऱ्या वक्रांना शांकव म्हणतात : वर्तुळ, विवृत्त (वरचं लंबवर्तुळ तेच), अन्वस्त (पॅराबोला), अपास्त (हायपरबोला).

— आणि अपूर्णांकातल्या छेदाशी घोटाळा?

— वाक्यात 'प्रतल' आलं की होत नाही. उलट संचांतला 'छेदसंच' आठवा : प्रतल आणि घनाकृती यांचे सामाईक बिंदू म्हणजेच छेद. म्हणून भरीव गोलाचा छेद भरलेली चकती, आणि जाड कवचाच्या पोकळ गोलाचा, मधोमध कापल्यास, कंकणाकृती. भाषांतरात भरीव की पोकळ, तेवढं लिहायला विसरू नका.