अनुभव धागा : आकाशात काय दिसलं आणि शहानिशा कशी केलीत?

नमस्कार मंडळी. उडत्या तबकड्या आणि शेतातली वर्तुळं (उभं पीक आडवं होऊन रातोरात उमटणाऱ्या आकृत्या) यांवर वाद पुष्कळ झाले. इथे अनुभव हवेत. स्वतः पाहिलेलं किंवा पाहणाऱ्याच्या तोंडून थेट ऐकलेलं लिहा, आणि त्याची शहानिशा कशी केलीत तेही लिहा.

माझं मत आधीच सांगतो. असं काही पाहिल्याचं सांगणारे बहुतेक लोक खोटं बोलत नसतात. त्यांना हसण्यावारी नेणं मला अजिबात पटत नाही. पण एकाच माणसाच्या सांगण्यात काही भाग भरवशाचा असतो आणि काही नसतो. वेळ, दिशा, किती वेळ दिसलं, आवाज आला का, यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. 'दोन किलोमीटरवर होतं', 'विमानाएवढं होतं' यावर नाही. अंधारातल्या दिव्याचा खरा आकार माहीत नसेल तर अंतर कळत नाही, आणि अंतर कळलं नाही तर वेगही कळत नाही. म्हणून उंची सांगताना हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. क्षितिजापासून किती मुठी वर होतं, एवढं सांगितलंत तरी पुष्कळ.

सिंदेवाही तालुक्यातून (जि. चंद्रपूर)

2 एप्रिल 2022, पाडव्याची संध्याकाळ. आठ वाजत आले होते, आम्ही अंगणातच होतो. आगीचे गोळे एकामागे एक, शेपट्या सोडत सावकाश सरकत गेले. उल्का बघता बघता विझते. हे मात्र घरातल्यांना हाका मारून बाहेर बोलावेपर्यंत दिसत होतं. मग लाडबोरीत भलंमोठं धातूचं कडं पडल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, उभं केलं तर माणसापेक्षा उंच. आजूबाजूच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. त्या रात्री फोनवर कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणी म्हणालं क्षेपणास्त्र, कुणी म्हणालं परग्रहावरचं यान. सगळ्यांची वेळ जुळली, अर्थ कुणाचाच जुळला नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या चीनच्या 'लाँग मार्च 3बी' रॉकेटचा तो टप्पा होता, असं अभ्यासकांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितलं.

*धागाकर्ता :* फार मोलाचा अनुभव. 3 मार्च 1968 ला अमेरिकेत असंच झालं होतं. सोव्हिएत 'झाँड 4' मोहिमेचे तुकडे जळत खाली येत होते. काही सुशिक्षित साक्षीदारांनी चिरूटासारखं लांबट यान आणि त्याला ओळीने उजळलेल्या खिडक्या 'पाहिल्या'. दिवे खरे होते. त्यांना जोडणारा काळा सांगाडा मेंदूने भरला.

कोल्हापूरहून, फोटोग्राफर

लग्नाच्या फोटोत 'तबकडी' आली म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी आधी मूळ फाइल मागतो, फॉरवर्ड झालेली नाही. मग फोटोतला सर्वांत प्रखर दिवा शोधतो आणि तिथून चित्राच्या मध्यबिंदूतून सरळ रेघ ओढतो. रेघेच्या दुसऱ्या टोकाला, तितक्याच अंतरावर तबकडी असेल तर ते भिंगातलं प्रतिबिंब. 'डोळ्यांना दिसलं होतं का?' हा प्रश्न तर फाइल मागण्याच्याही आधी विचारायचा.

निफाडहून

आमच्याकडे गहू लोळतो. युरिया जास्त पडला की काडी उंच आणि लुसलुशीत होते. त्यात पाणी दिल्या दिल्या वारा सुटला की पीक आडवं. मुठीने खत फेकताना बांधाकडे वळतो तिथे हात दोनदा फिरतो, तिथेच गोल गोल चट्टे पडतात. वरून फोटो काढला तर कुणीही चमकेल. पण कडा बघा. लोळलेल्या पिकाची कड फाटकी असते, मधे मधे उभी ताटं राहतात. दोरी लावल्यासारखी कड वारा कधीच काढत नाही.

रेडिंग, इंग्लंडहून

ही वर्तुळं जिथे सर्वांत जास्त उमटतात तो विल्टशर परगणा इथून लांब नाही, उन्हाळ्यात बघायला जातो. डग बोवर आणि डेव्ह चोर्ली या साउदॅम्प्टनच्या दोघांनी 1991 मध्ये 'ही वर्तुळं आम्ही करत होतो' अशी जाहीर कबुली दिली आणि फळी-दोरीने पीक कसं दाबतात ते करून दाखवलं. त्यांनी केलेलं एक वर्तुळ एका नावाजलेल्या अभ्यासकाने त्याआधी अस्सल ठरवलं होतं. तरी 2001 मध्ये विल्टशरमधल्याच मिल्क हिल टेकडीवर 409 वर्तुळांची आकृती उमटली तेव्हा 'एका रात्रीत माणसाला हे शक्य नाही' हे पुन्हा सुरू झालंच.

'पावलांचा माग नाही' हा मोठा पुरावा सांगतात. पण तिथल्या शेतात फवारणीच्या ट्रॅक्टरने पडलेल्या चाकोऱ्या असतात. त्यांतून चालत गेलं तर एक काडी मोडत नाही. मी पाहिलेली बहुतेक वर्तुळं अशा चाकोरीला कुठेतरी चिकटलेली होती. आणि पुरावा म्हणून काडीचं पेरं वाकलेलं दाखवतात ना, ते आडवी पडलेली जिवंत काडी पुन्हा वर उठू बघते म्हणून. निफाडच्या दादांनी लोळलेल्या गव्हात चार दिवसांनी बघावं, तेच दिसेल. नुकसान शेतकऱ्याचं होतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही याचा मला राग येतो.

निवृत्त सैनिक, सातारा

मी त्या चौकीवर नव्हतो, पण प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या बाजूला जवानांनी 329 वेळा उडत्या वस्तूंची नोंद केली. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने अभ्यास केला तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. त्या उंचीवर हवा विरळ, आकाश स्वच्छ, ग्रह फार तेजस्वी दिसतात. यात जवानांना नावं ठेवू नका. त्यांनी वेळ आणि स्थिती नेमाने लिहून ठेवली, म्हणून तर उलगडा झाला.

*धागाकर्ता :* अगदी. ताऱ्यांबरोबर हळूहळू सरकतंय का, एवढं बघितलं तरी ग्रह ओळखू येतो.

देवगडहून

माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. गेल्या डिसेंबरात पहाटे समुद्रावर नारिंगी दिवा, आवाज अजिबात नाही. दोनेक मिनिटं एका जागी थांबला, मग विझला. पर्ससीनची (मोठ्या जाळ्याने मासे धरणारी) बोट म्हणावी तर क्षितिजाच्या बराच वर होता. मी एकटीच जागी होते.

*धागाकर्ता :* ताई, घाईने नाव द्यायला नको. अमेरिकन हवाई दलाने उडत्या तबकड्यांच्या तपासासाठी चालवलेल्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'मध्ये 12,618 नोंदी झाल्या, त्यांतल्या 701 शेवटपर्यंत ओळखता आल्या नाहीत. अनोळखी राहिली म्हणजे परग्रहावरची ठरली असं नाही, आणि खोटी ठरली असंही नाही. तारीख नक्की आठवते का? उभ्या होतात त्याच जागेवरून, दिवा ज्या माडाशेजारी दिसला त्याचा दिवसा फोटो काढा आणि किती मुठी वर होता ते मोजा. दिशा मिळाली की त्या पहाटेचं आकाश स्टेलॅरियमवर (कुठल्याही वेळचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघतो. त्या रात्री वारा जमिनीकडून होता की समुद्राकडून, हेही कळवा. किनाऱ्यावरून कुणी हवेत उडणारा आकाशकंदील सोडला असेल तर वाऱ्याच्या दिशेवरूनच कळेल.