विषय: ढोल जिन्यात वाजतो, सोफ्यावर नाही

नमस्कार मंडळी,

गणपतीतल्या शनिवारचा पिक्चर आमच्या बेसमेंटमध्ये ठरलाय, म्हणून घाईने लिहितोय. खोली २० बाय १३ फूट, छत ८ फुटांवर. १२ इंची सबवूफर (सब, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर) पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, सोफा खोलीच्या बरोबर मधोमध. ढोल-ताशा लावला की ताशा कान फाडतो आणि ढोल गायब! जिन्यात उभं राहिलं तर तोच ढोल छातीत वाजतो. वर आईच्या खोलीत लाडवांचा डबा थरथरतो. १५ इंची सब घेऊन टाकू का? सेल सोमवारी संपतोय.

— शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा बेसमेंटवाला

---

अरे, पाकीट खिशात ठेव. सब ठणठणीत आहे, तुझा सोफा चुकलाय.

बादलीतलं पाणी हिंदकळतं तेव्हा कडेला चढतं-उतरतं, मध्यावर मात्र जागच्या जागी राहतं. बंद खोलीत खालच्या सुरांचं तसंच होतं. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. त्याला लांबीच्या दुपटीने, म्हणजे ४० ने भाग: २८ हर्ट्झ (सेकंदाला २८ कंपनं). रुंदीच्या दुपटीने, २६ ने भाग: ४३. हे दोन्ही सूर खोलीच्या मध्यावर मरतात आणि तू नेमका तिथेच बसलायस. त्यातून कोपऱ्यातला सब हे सगळे हिंदकळे जास्तीत जास्त उठवतो. सोफ्यावर ऐकू येईना म्हणून तू सबचा गेन (त्याच्या आवाजाचं बटण) वाढवला असणार. तो सगळा आईंच्या डब्याला मिळाला. इक्वलायझरही (एकेक सूर कमी-जास्त करणारी सेटिंग) इथे उपयोगाचा नाही. उंचवटा कापता येतो, खड्डा भरत नाही.

आधी सोफा दोन-अडीच फूट मागे घे, पण भिंतीला चिकटवू नकोस, तिथे ढोल नुसता घुमतो. मग सब उचलून सोफ्यावर, तुझ्या जागी ठेव. खालच्या सुरांचं एखादं रेकॉर्डिंग लाव आणि भिंतीकडेने रांगत फिर. जिथे ढोल गोल, एकसारखा लागेल तिथे सब मांड. लाजू नकोस, मीही रांगलोय.

क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचं सगळं सबकडे जातं ती सीमा) रिसीव्हरमध्ये, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रात, ८० हर्ट्झ ठेव आणि सबच्या पाठीवरचं त्याचं बटण सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत फिरव, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात. सबचा फेज (लहर सरळ की उलटी) ० आणि १८० दोन्ही करून बघ. ज्यात ढोल भरीव, ते ठेव. सगळं झाल्यावर रिसीव्हरचं ऑटो-सेटिंग (माइकने मोजून स्पीकर जुळवणारं) पुन्हा चालव. सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवलं तर सुधारत बसू नकोस, सबच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो.

— काका

---

काका, रांगलो. आईने जिन्यातून पाहिलं आणि काही न बोलता वर गेली. समोरच्या भिंतीच्या मध्याजवळ जागा सापडली, ढोल आला! पण आता पिक्चर नसतानाही सब एकसुरी गुणगुणतोय. नवीन जागी प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये आहे, त्यामुळे असेल का?

---

आमच्याकडे अगदी हेच झालं होतं! प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडणारा अडाप्टर लावला, गुणगुण गायब.

— अरोरा गावची वहिनी

---

वहिनी, तो अडाप्टर आज संध्याकाळच्या आत काढा. आत काही बिघडलं तर करंट जायला तीच पिन आहे; मग तो तुमच्या हातातून जाईल.

बेसमेंटवाल्या, सबची सिग्नल केबल उपट. गुणगुण थांबली तर अर्थिंगचा फेरा आहे (दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थिंगला जोडली जातात), इथे अमेरिकेत त्याचा सूर ६० हर्ट्झ. मग केबल टीव्हीची जाड वायर बॉक्समधून सोडवून बघ; बऱ्याचदा चोर तीच असते. तिच्यावर आयसोलेटर (तिच्यातून येणारा हा फेरा तोडणारा जोड) बसव. ती नसेल तर सब आणि रिसीव्हर एकाच सॉकेटवर आण.

— काका

---

अडाप्टर काढला, आता परत गुणगुणतोय. आमच्याकडे केबल टीव्ही नाही, तेव्हा एकच सॉकेट करून बघते. आणि काका, आमचा सब हळू आवाजात मधेच झोपतो, ते काय?

— वहिनी

---

सबचं पॉवरचं बटण ऑटोवरून ऑनवर करा.

— काका

---

चोर केबलची वायरच निघाली. आयसोलेटर लावला, एकदम शांत. गेन अर्ध्याखाली आणलाय, डबाही गप्प आहे.

शनिवारी ६ वाजता या. सोफ्यावर चौघंच मावतात, बाकीच्यांना सतरंजी. मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्यांना ढोल जरा जास्तच मिळेल, तेव्हा आजी-आजोबांना तिथे बसवू नका.