भांग चालते मग गांजा का नाही? हा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा आला कुठून?

निफाडचा_पाहुणा:
मंडळी एक बावळट प्रश्न आहे, हसू नका. मागं बनारसला गेलो होतो, तिथं चक्क पाटी लावलेलं सरकारमान्य भांगेचं दुकान, एका आजोबांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि निघाले घाटाकडं. इकडं आमच्या गावचा एक पोरगा गांजाच्या केसमधे दीड वर्ष आत आहे, जामीन नाही. झाड तर एकच ना? मग फरक कुणी ठरवला? कुणी म्हणतं अमेरिकेनं करायला लावलं, कुणी म्हणतं इंग्रजांनी.

जुनी_बखर:
इंग्रजांवर ढकलू नका हो, ते स्वतःच अफूचे ठोक व्यापारी. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, मुंबईतली कितीतरी श्रीमंती त्यातली. १८९३ ला त्यांनी भांग गांजा चरसवर आयोग नेमला, हजारावर साक्षी काढल्या आणि म्हणाले बेतानं घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, बंदी नको, लायसन आणि कर लावा. कर महत्त्वाचा!
बंदीचं मूळ १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्यात गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे, नुसती पानं आणि बिया वगळल्या, भांग पानांचीच, म्हणून ती सुटली. वर आपल्यासारख्या देशांना वापर बंद करायला २५ वर्षांची सवलत. ती संपत आली तेव्हा राजीव गांधी सरकारनं १९८५ ला एनडीपीएस आणला, १४ नोव्हेंबरला लागू, म्हणजे बालदिनी. अमेरिकेचं म्हणाल तर त्यांचा जोर होताच, पण तेव्हा मुंबईत ब्राउन शुगर (कच्चं हेरॉइन) गल्लीबोळात पोचली होती हेही खरंय.

काळा_कोट:
बखर यांनी सांगितलेल्या त्या पानांवर आज कोर्टात जामीन मिळतात, गंमत नाही करत. गांजा २० किलोच्या वर गेला की कमर्शियल क्वांटिटी (धंद्याचं प्रमाण), मग कलम ३७ लागतं, म्हणजे आरोपी निर्दोष असावा असं मानायला न्यायाधीशांना वाजवी कारण दिसलं पाहिजे तरच जामीन. हे ३७ चं लचांड १९८९ च्या दुरुस्तीतलं, फाशीपण तेव्हाच आली. आता पोलिस काय करतात, गोणी उचलली की वजनकाट्यावर, पानं काड्या बिया सगळ्यासकट, पंचनाम्यात २३ किलो. पण व्याख्येत तर नुसती पानं नाहीत, मग शेंडे वेगळे करून तोललेत का? मुंबई हायकोर्टानं या मुद्द्यावर जामीन दिलेत. तुमच्या पोराच्या वकिलाला पंचनाम्यात मालाचं वर्णन काय लिहिलंय ते आधी वाचायला सांगा. आणि नुसती भांग पण आपल्याकडं मोकळी नाही, महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यात येते, बनारसचं बघून इथं गोळ्या विकायला बसू नका 😄

ओली_गादी:
सगळे गांजावरच. मी एका व्यसनमुक्ती केंद्रात स्वयंसेवक आहे, आमच्याकडं आता पोरं येतात ती एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेची. रात्र रात्र झोप नाही, जबडा सारखा हलतो, आई बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेली. एमडी कायद्यात आलं २०१५ ला, तोवर मुंबईत हातोहात विकलं जात होतं. आणि हे काही डोंगरावर पिकत नाही, केमिकलच्या कारखान्यात होतं, २०२३ ला नाशिकजवळ शिंदे गाव, २०२४ ला कुरकुंभ एमआयडीसी. कायदा झाड डोळ्यापुढं ठेवून लिहिला आणि धंदा रिअ‍ॅक्टरवर गेला, मला तरी असंच वाटतं. त्यात कलम ६४ अ आहे, थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर खटल्यातून सुटू शकतो, पण पोलिस ठाण्यात हे पोराला सांगणार कोण? आमच्याकडं आलेल्या एकालाही माहीत नव्हतं.

जुनी_बखर:
@ओली_गादी पटलं, पण म्हणून कायदाच नको असं नाही ना म्हणत तुम्ही?

ओली_गादी:
नाही हो. कारखानेवाल्याला सोडू नका. पण पुडीवाल्या पोराला त्याच तराजूत नको.

काळा_कोट:
२००१ ला प्रमाणानुसार शिक्षा केल्या तेव्हा हाच हेतू होता, त्याआधी वैयक्तिक वापराच्या चिमूटभर मालाच्या वर गेलात की हेरॉइन चरसला किमान १० वर्षं, मग २० ग्रॅम असो की २० किलो.

निफाडचा_पाहुणा:
आभारी आहे सगळ्यांचा. पोराच्या वडलांना फोन केला, पंचनाम्याची झेरॉक्स घरातच होती, कुणी वाचलीच नव्हती. त्यात लिहिलंय "हिरवट ओलसर पाला, काड्या व बोंडे, गोणीसह वजन २१ किलो ४०० ग्रॅम". काळा कोट साहेब, गोणीसह??

काळा_कोट:
व्यक्तिगत निरोप टाकलाय, बघा.